११ दिवसांची संक्रांत

२५ जानेवारी २०२६, रविवार, रथसप्तमी. रात्री साडेनऊला शटर अर्ध्यावर ओढलं आणि शिल्लक मोजायला बसले. काउंटरवर हलव्याच्या दागिन्यांचे डबे एकावर एक रचलेले. बाळाचे संच २९, नव्या जोडप्यांचे म्हणजे जोडीचे ३, सुटा काटेरी हलवा ९ किलो, काळं सुती कापड ४० मीटर, वाणाचे बटवे ८०. दुसऱ्या दिवशी सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी होती. रथसप्तमी दोन दिवस जरी पुढे असती, तरी त्या सुट्टीत पाच-सात संच नक्की गेले असते. पण रथसप्तमी झाली की बोरन्हाणं संपतात, हळदीकुंकू संपतं, आणि हलव्याच्या मुकुटाकडे कुणी वळूनही बघत नाही.

खरेदीच्या भावाने तो माल १७,३५० रुपयांचा होता. माझ्या दुकानातून खर्च जाऊन महिन्याला हाती उरतं, त्याच्या आसपासचीच ही रक्कम. शिवाय महिनाअखेर पुण्याच्या व्यापाऱ्याचे १४,००० द्यायचे होते.

सणाचा माल भरणारं छोटं दुकान ज्यांचं आहे, त्यांना हे प्रकरण उपयोगी पडेल म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे. माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळायला मला तीन आठवडे लागले. उत्तर मात्र तीन वर्षं माझ्याच वहीत पडून होतं, आणि माल भरण्याआधी माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी ते मोठ्याने बोललंही होतं.

दुकान आणि हलवा

सातारच्या भवानी पेठेतल्या एका बोळात १० बाय १२ फुटांचं माझं शिवण-भरतकामाच्या साहित्याचं दुकान आहे. २०१४ साली सुरू केलं. रिळं, बॉबिन, सुया, हूक, टिचबटणं, चेन, इलॅस्टिक, अस्तर, कॅनव्हास, लेस, गोटा, जर, टिकल्या, मणी, क्रोशाच्या सुया, लोकर. येणारं गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शिंपी आणि घरी पिको-फॉल, ब्लाउज करणाऱ्या बायका. बहुतेक विक्री १० ते ४० रुपयांची. ब्लाउजपीसचा तुकडा घेऊन कुणी आलं की मी अस्तराचे तीन-चार रंग हातात घेऊन त्यांना पायरीवर नेते, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला मोरपंखी रंग उन्हात भलताच निघतो. अशा कामात दिवस जातो आणि मला तो आवडतो.

शिवण माझ्या हातात लहानपणापासून आहे. गोड करण्याची आवड लग्नानंतर लागली, ती सासूबाईंमुळे. मी त्यांना आईच म्हणते. करंजीला मुरड घालायला त्यांनी शिकवलं तेव्हा लक्षात आलं, की पदराची कड दुमडताना मनगट जसं वळतं तसंच इथेही वळतं. चिरोट्याचे पदर सुटायला हवेत आणि फ्रीलच्या चुण्या पडायला हव्यात, दोन्हींना घाई चालत नाही. दिवाळीत माझ्या घरी मशीन आणि कढई आळीपाळीने चालतात.

या दोन आवडी एका वस्तूत एकत्र येतात, ती म्हणजे हलव्याचा दागिना. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याची बिंदी, हार, तन्मणी, बाजूबंद, नथ घालायची. जावयाला हलव्याचा हार आणि नारळ. आणि घरात तान्हं किंवा पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याचं बोरन्हाण: काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बासरी, वाक्या, कमरपट्टा, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, बत्तासे. २०१७ मध्ये रोजच्या गिऱ्हाईकातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी नातीसाठी मुकुट करून मागितला. पुढच्या वर्षी सहा जणींनी मागितला. मग तो धंदाच झाला.

हलवा कसा होतो ते थोडं सांगायलाच हवं, कारण नुकसानीचा हिशोब त्याच्याशी जोडलेला आहे. साखरेचा एकतारी पाक करायचा, दूध घालून त्याची मळी काढायची, गाळायचा. परात मंद निखाऱ्यावर ठेवून त्यात तीळ, साबुदाणा किंवा खसखस घ्यायची. पाक चमचाभर घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवत राहायचे. तो चमचा सुकल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो. काटा दिसायला लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोही थंडी कोरडी असेल तर. आच जरा वाढली की काटा मोडून परातीत साखरेचं पीठ जमतं. आई परातीशी बसल्या की दर थोड्या वेळाने बोटं ओल्या फडक्याला पुसतात, सुकवतात आणि पुन्हा परातीत घालतात. बोटाला चिकटलेला पाक दाण्याचा काटा खातो, असं त्या म्हणतात. बाळाच्या संचांसाठी आम्ही घरचाच हलवा वापरतो. बाकीचा विकत आणून १०० ग्रॅमच्या पाकिटांत भरतो. त्यासाठी मी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली. मी केली तेव्हा छोट्या व्यावसायिकाला त्याचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं, आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापलेला असतो.

दुकानात एक नियम पहिल्यापासून आहे: साखर आणि कापड एका टेबलावर ठेवायचं नाही. साखर हवेतली ओल ओढते, चिकट होते, आणि पाठोपाठ मुंग्या येतात. एकदा काळ्या साटिनवर हलव्याची पिशवी रात्रभर राहिली होती. ते कापड नंतर कितीही पुसलं तरी डाग गेला नाही.

टाका आणि गोंद

हलव्याच्या दाण्यातून सुई जात नाही, दाणा फुटतो. म्हणून जुनी पद्धत अशी की प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याचा फास घालायचा. काट्यांच्या मधे दोरा बसतो, सुटत नाही. दोरा सुती हवा, पॉलिस्टरचा घसरतो. अशी दाण्यांची माळ करून ती कापड चढवलेल्या पुठ्ठ्यावर टाचायची आणि मागे सुरगाठ मारायची. एका मुकुटाला दीड तास सहज जातो. गोंदाने चिकटवला तर वीस मिनिटांत होतो, म्हणून बाजारात येणारे बहुतेक संच आता चिकटवलेलेच असतात.

२०१९ मध्ये एक आजी नातवाच्या बोरन्हाणासाठी मुकुट घ्यायला आल्या होत्या. मुकुट हातात घेऊन त्यांनी उलटा केला, नखाने दाणा हलवून पाहिला.

“हे कशानं चिकटवलंय गं?”

“गोंद आहे आजी, पक्का बसतो.”

“पक्का बसतो ते दिसतंय. बाळानं तोंडात घातलं तर?”

मला उत्तर देता आलं नाही. बोरन्हाणात मूल पहिली गोष्ट काय करतं तर हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि हलवा तर खायचाच पदार्थ. त्या दिवसापासून बाळाचे संच फक्त दोऱ्याचे, आणि त्यावर मणी, टिकल्या, कुंदन काही नाही. नुसता हलवा, लेस आणि जर. आजींनी तेव्हा मुकुट घेतला नाही. चार दिवसांनी मी दोऱ्याचा करून त्यांच्या घरी नेऊन दिला.

या निर्णयाचा धंद्याशी काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तो मी बाळांसाठी घेतला होता.

खरेदी कशी ठरली

हंगामाचा माल मी मार्गशीर्षात भरते. एसटीने स्वारगेट, तिथून रविवार पेठेतली बोहरी आळी. लेस, जर, गोटा, पुठ्ठा, काळं कापड सगळं तिथे ठोकात मिळतं. व्यापारी ओळखीचे आहेत, महिन्याची उधारी देतात. तीन बायका माझ्यासाठी आपापल्या घरी संच बांधतात. बाळाच्या एका संचाला ११० रुपये मजुरी, १४० रुपयांचं साहित्य, म्हणजे मला २५० ला पडतो. विकते ४५० ला.

डिसेंबर २०२५ मध्ये वही उघडली. बाळाचे संच २०२४ ला गेले होते ६१, २०२५ ला ४७. जोडीचे ३४ आणि ३६. २०२५ थोडं कमी गेलं ते मी फार मनावर घेतलं नव्हतं. आता नाव झालंय, ओळखीतून गिऱ्हाईक येतंय, असं धरून बाळाचे ६० आणि जोडीचे ४० ठरवले. तिघींकडून बाळाचे ४५ च होणार होते. माल कमी पडेल या भीतीने उरलेले १५ तयार संच बाहेरून घेतले, २६० ला एक. ते चिकटवलेले होते. माझा नियम मी स्वतः मोडला, तोही दहा रुपये जास्त देऊन. “मोठ्या मुलांसाठी देऊ, तान्ह्यांना नको,” अशी मनाची समजूत घातली. आज मागे वळून पाहताना या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

वहीत २०२३ चाही आकडा होता: बाळाचे फक्त २८. त्याच्यापुढे समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, “पलीकडच्या गल्लीत नवीन दुकान.” म्हणून तो आकडा मी हिशोबात धरलाच नाही. ते वर्ष वेगळं होतं, आता गिऱ्हाईक परत आलंय, असं समजून पान उलटलं.

काय झालं

१४ जानेवारीला, बुधवारी, संक्रांत. त्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. जोडीचे संच ठरल्यासारखे गेले, शेवटी ४० पैकी ३७. पहिला रविवार १८ तारखेचा, त्या शनिवार-रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं हंगाम आता चढतोय. तिघींना फोन करून सांगितलं, हात थांबवू नका. २२ तारखेला एक बाई पाकीटभर हलवा घ्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “ताई, आमचं बोरन्हाण राहिलंच बघा या वर्षी. रविवार दोनच, आणि दोन्ही दिवशी दुसरीकडे बोलावणं.”

तेव्हा मी पहिल्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नीट पाहिलं. २५ तारखेच्या चौकोनात रथसप्तमी लिहिलेलं होतं. मी डिसेंबरपासून रोज ते कॅलेंडर बघत होते.

बाळाचे संच एकूण गेले ३१.

कारण शोधताना

आधी मी सगळी चुकीचीच कारणं शोधली. ऑनलाइन संच स्वस्त मिळतात. माझी किंमत जास्त आहे. यंदा कुणी फार घरगुती समारंभ केले नाहीत. प्रत्येक कारणात थोडं तथ्य असेलही, पण मग जोडीचे संच ३७ कसे गेले? ते तर महाग असतात, १,१०० चे.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी मागच्या चार वर्षांची वही आणि पंचांग शेजारी ठेवून बसले. संक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चांद्र तिथी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे रथसप्तमी दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते, आणि मधे अधिक महिना आला की एकदम एकोणीसेक दिवस पुढे जाते. शाळेत शिकलेली गोष्ट. पण हंगामाचं एक टोक खिळ्याने ठोकलेलं आहे आणि दुसरं टोक सरकतं, हे मी दुकानदार म्हणून कधी मनात आणलं नव्हतं.

२०२३: १५ ते २८ जानेवारी. २०२४: १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी, कारण आधीच्या वर्षी श्रावण अधिक होता. २०२५: १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी. २०२६: १४ ते २५ जानेवारी. म्हणजे २०२४ ची संक्रांत ३२ दिवस चालली आणि यंदाची ११ दिवस.

नुसत्या दिवसांनी आकडे जुळेनात. दिवस तिसऱ्या हिश्शावर आले, विक्री निम्मीच घटली. मग त्या बाईंचं “रविवार दोनच” आठवलं. रविवार मोजले. २०२४ ला ४, संच ६१. २०२५ ला ३, संच ४७. २०२६ ला २, संच ३१. आणि तो २०२३ चा बाजूला टाकलेला आकडा: संक्रांतच रविवारी होती, ती धरून रविवार २, संच २८. दर रविवारी चौदा ते सोळा. चारही वर्षी. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचा त्यात काही हात नव्हता. ते दुकान २०२४ लाही उघडंच होतं.

जोडीचे संच दरवर्षी ३४ ते ३७ च्या मधेच का, तेही मग उलगडलं. नव्या सुनेची संक्रांत त्या दिवशी किंवा दोन-चार दिवसांतच करतात, त्यासाठी रजा काढतात, माहेरची माणसं येतात. त्याला हंगामाची लांबी लागत नाही. बोरन्हाणाला मात्र शेजारपाजारची मुलं लागतात, त्यांच्या आया घरी लागतात, म्हणून रविवार लागतो. एकाच काउंटरवर, एकाच पिशवीत जाणाऱ्या या दोन वस्तूंची मागणी वेगवेगळ्या गोष्टींवर चालते आणि मी दोन्हींचा अंदाज एकाच फूटपट्टीने बांधत होते.

मला कल्पना आहे की हे चार वर्षांचे चार आकडे आहेत, आणि तेही एका गावातल्या एका दुकानाचे. दुसऱ्याच्या दुकानात रविवारी पंधराच्या जागी पाच जात असतील. पण मोजायचं एकक कुठलं, ते मला आता पक्कं माहीत आहे.

त्या संध्याकाळी घरी जाऊन आईंना हे सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून म्हणाल्या, “अगं, मी तुला मार्गशीर्षातल्या गुरुवारी म्हटलं नव्हतं का? नैवेद्याचं पुरण वाटत होतीस तू. म्हटलं, यंदा दिवस थोडे आहेत, हळदीकुंकू भराभर उरकावं लागेल.”

म्हटलं होतं. मला तो गुरुवार आठवला. मी “हो” म्हणून पुरण वाटत राहिले होते, आणि त्याच आठवड्यात बोहरी आळीत जाऊन दोन महिने पुरेल एवढा माल भरून आले होते. त्यांचं बोलणं मी घरातलं बोलणं म्हणून ऐकलं. धंद्याची माहिती व्यापाऱ्याकडून, वहीतून, मोबाइलवरून येते, पुरण वाटताना येत नाही, असं कुठेतरी मनात बसलं होतं. चाळीस वर्षं हळदीकुंकवाची आमंत्रणं करणाऱ्या बाईइतकं या हंगामाबद्दल दुसरं कुणाला माहीत असणार?

अडकलेला माल कसा सुटला

आधी देणी. २७ तारखेला पुण्याला फोन लावला. “भाऊ, १४ हजार एकदम नाही जमायचे. आठ महिनाअखेर देते, सहा १५ फेब्रुवारीला.” ते म्हणाले, “ताई, आधी सांगितलंत ते बरं केलंत, द्या सावकाश.” तारखेच्या आधी फोन करणं आणि तारखेनंतर फोन घेणं यात फार अंतर आहे. बांधणाऱ्या तिघींची मजुरी मी आधीच चुकती केली होती. अंदाज माझा चुकला, त्यांचे हात चुकले नव्हते. त्यांना फेब्रुवारीत काम देण्याचा शब्द दिला होता, तो बटवे शिवायला देऊन पाळला.

मग माल. काळं सुती कापड सोपं होतं, शिंप्यांना अस्तराला लागतंच. खरेदी ९० ची, ८० ने दिलं, मार्च संपेपर्यंत ४० मीटर गेलं. ३,२०० आले. सुटा हलवा ९ किलो, ३०० च्या भावाचा. न उघडलेली पाकिटं होती. ७ किलो ओळखीच्या मिठाईवाल्याला २०० ने दिला, २ किलो घरच्या डब्यात राहिला. १,४०० आले.

८० बटवे मला वाटलं होतं त्याहून फार बरे गेले. खणाच्या कापडाचे, नाडीचे साधे बटवे. सुदैवाने त्यावर “मकरसंक्रांत” छापून घेतलं नव्हतं. तसं करायचं मनात होतं, वेळ झाला नाही म्हणून राहिलं. यंदा पाडवा १९ मार्चला, आणि तिथून दोन दिवसांनी चैत्रगौर बसली. आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे देऊन चैत्रातलं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं. बटवे ४५ ला एक असे सगळे गेले. ३,६०० आले, आणि तिघींनी शिवलेले पुढचे १२० ही त्यातच खपले. त्यांचा हिशोब वेगळा, तो इथे धरलेला नाही.

राहिले बाळाचे २९ संच. त्यातले १२ चिकटवलेले, १७ दोऱ्याचे.

ते वर्षभर डब्यात बंद करून पुढच्या संक्रांतीला काढले असते, तर पुष्कळांना कळलंही नसतं. कोरड्या हवाबंद डब्यात हलवा टिकतो. पण बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू वर्षाची शिळी द्यायची नाही, यावर आम्हा दोघींचं एकमत होतं. म्हणून उसवायला बसलो. आई आणि मी, तीन दुपारी, मांडीवर पांढरा पंचा पसरून. पुठ्ठ्यामागची सुरगाठ ओढली की अख्खी ओळ सुटते. दाणे खाली पडतात, दोरा हातात राहतो, कापड, लेस, जर सगळं जागच्या जागी. एका संचाचं ६० रुपयांचं साहित्य जसंच्या तसं वाचलं. १७ संचांचे १,०२०. सुटलेला हलवा विकला नाही, तो फास कसा घालायचा ते शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ठेवला आहे.

मग चिकटवलेला एक मुकुट घेतला. दाणा ओढला तर त्याच्याबरोबर कापडाचा धागा आला. जोर केला तर दाणा फुटला आणि अर्धा तिथेच राहिला. गोंदाचे पिवळे ठिपके लेसवर, साटिनवर. पाण्याने साखर विरघळते पण गोंद राहतो आणि पुठ्ठा फुगतो. सुरी, गरम वाफ, सगळं करून पाहिलं. एकही पुठ्ठा पुन्हा वापरता येईल असा निघाला नाही. १२ पैकी ५ लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या एका ताईंनी स्टुडिओत मांडायला १५० ने घेतले, ७५० आले. सात टाकून दिले. वीस मिनिटांत झालेलं काम उसवायला जन्म पुरला नसता.

जोडीचे ३ संच काचेच्या कपाटात नमुना म्हणून लावले आहेत.

एप्रिलअखेर हिशोब असा: अडकले होते १७,३५०, सुटले ९,९७०. तोटा ७,३८०. त्यात एकट्या चिकटवलेल्या संचांचा वाटा २,३७०, आणि ते मी भीतीपोटी घेतले होते.

पुढच्या वर्षीची तयारी

यंदा ज्येष्ठ अधिक आला. म्हणून २०२७ ची रथसप्तमी थेट १३ फेब्रुवारीला आहे. मधे ४ रविवार. म्हणजे बाळाचे ६० संच जायला हवेत. पण संक्रांतीला ६० तयार ठेवणार नाही. ३० पुरे बांधायचे. उरलेल्या ३० चे पुठ्ठे कापड, लेस, जर लावून तयार ठेवायचे आणि हलवा दर आठवड्याला लागेल तसा बांधायचा. साखर चढवलेला पुठ्ठा एका हंगामाचा, बिनसाखरेचा पुठ्ठा कितीही दिवसांचा. बोरन्हाणाची तारीख सांगून १०० रुपये आगाऊ देणाऱ्यांचा संच आधी. जोडीचे ३६, त्यावर एकही नाही. बाहेरचे तयार संच नाहीत. कमी पडले तर “संपले” म्हणायचं.

तिघींशी बोलून झालं आहे. दर रविवारनंतर सोमवारी हिशोब करून त्या आठवड्याचं काम द्यायचं ठरलं. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, “मग मजुरी पण हप्त्याहप्त्याला का?” हो म्हटलं. तिला ते जास्त सोयीचं आहे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

वहीतल्या २०२३ च्या पानावरचं “पलीकडच्या गल्लीत नवीन दुकान” खोडून तिथे “रविवार २” लिहिलं. आता प्रत्येक वर्षाच्या पानावर सगळ्यात वर रथसप्तमीची तारीख आणि रविवारांची संख्या आहे, खाली विक्री. पुण्याला जायच्या आधी ते पान आईंना वाचून दाखवायचं, असंही ठरलं आहे.

परवा उसवलेल्या १७ पुठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा उघडून पाहिला. मुंगी नाही, ओल नाही. एका मुकुटावर जिथे जिथे दाणा बसतो तिथे आईंनी शिंप्याच्या खडूने बारीक टिंबं करून ठेवली होती, आणि आत चिठ्ठी: “दोरा सुती आण. गेल्या वेळचा एक रीळ पॉलिस्टर होता.”